आवाजाची मापे : वाचकांच्या शंका

गणेशोत्सव संपला की या सदराकडे आवाजाविषयीची पत्रे हमखास येतात, आणि यंदाही ती आली. त्यांतली निव्वळ तक्रारीची पत्रे बाजूला ठेवून, ज्यांत खरी शंका आहे अशी सहा पत्रे येथे घेतली आहेत. ‘मोठा आवाज’, ‘चढा आवाज’, ‘वरचा आवाज’ हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. ‘आवाज चढवून बोलू नकोस’ असे बजावणाऱ्याला समोरच्याचा स्वर खटकलेला असतो की जोर, हे त्याला स्वतःलाही धड सांगता येणार नाही. मोजायला बसल्यावर मात्र स्वर वेगळा, जोर वेगळा आणि वेग त्याहून वेगळा धरावा लागतो. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत मी एकच गोष्ट तपासली आहे : हे माप कोण ठरवते, वाजणारी वस्तू, मधली हवा की ऐकणारा कान?

प्रश्न : वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी, असे सूत्र आम्हाला शिकवले आहे. मग वारंवारिता वाढली की वेगही वाढायला हवा. पुस्तकात तर हवेतील ध्वनीचा वेग एकच दिला आहे. यात चूक कोणाची? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : चूक कोणाचीच नाही, पण ही शंका तुम्हाला आली याचा अर्थ तुम्ही सूत्र नुसते पाठ केलेले नाही. सूत्र तीन संख्यांमधले नाते सांगते, त्यांपैकी कोणती संख्या कोणाच्या ताब्यात आहे हे सांगत नाही. ते आपल्याला वेगळे समजून घ्यावे लागते.

पेटीतली एखादी रीड एका सेकंदात ४४० वेळा थरथरते असे धरा. प्रत्येक थरथरीसरशी ती शेजारच्या हवेला एक दाब देते, म्हणजे एक संपीडन पुढे पाठवते, आणि त्यामागोमाग एक विरलन, म्हणजे हवा विरळ झालेला थर. सेकंदाला ४४० संपीडने निघाली, तर ऐकणाऱ्याच्या कानावरही सेकंदाला ४४० च येणार, कारण वाटेत नवी भर घालणारे किंवा असलेली गिळणारे कोणी नाही. म्हणून वारंवारिता वाजणारी वस्तू ठरवते, आणि आवाज हवेतून भिंतीत वा पाण्यात शिरला तरी ती बदलत नाही.

वेग मात्र रीडच्या हातात नाही. एका थरातल्या हवेच्या कणांनी पुढच्या थराला किती चपळाईने ढकलावे हे हवेवर, आणि नेहमीच्या परिस्थितीत मुख्यतः तिच्या तापमानावर अवलंबून असते. शून्य अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि पुढे दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. २५ अंशांना तो ३४६ मीटरच्या आसपास येतो.

आता एक सेकंद उलटल्यावरचे चित्र डोळ्यांसमोर आणा. सर्वांत आधी निघालेले संपीडन ३४६ मीटरवर पोहोचले आहे, शेवटचे नुकतेच रीडपाशी तयार होत आहे, आणि मधल्या ३४६ मीटरांत ४४० संपीडने सारख्या अंतराने उभी आहेत. दोघांमधले अंतर ३४६ भागिले ४४०, म्हणजे सुमारे ७९ सेंटिमीटर. हीच तरंगलांबी. वारंवारिता दुप्पट केली तर तेवढ्याच अंतरात दुप्पट संपीडने दाटीने उभी राहतील आणि तरंगलांबी निम्मी होईल. वेग जागचा हलणार नाही, कारण वारंवारितेतली वाढ तरंगलांबीतली घट भरून काढते. हाच आवाज पाण्यात शिरला, जिथे ध्वनीचा वेग सेकंदाला १,४८० मीटरच्या घरात असतो, तर वारंवारिता ४४० च राहून तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर होते.

याचा पडताळा घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वारीच्या वाटेवर दिंडी दूर असतानाही टाळ आणि पखवाज एकाच ठेक्यात ऐकू येतात. टाळेचा बारीक नाद पखवाजाच्या घुमाऱ्यापेक्षा वेगाने धावत असता, तर दिंडी जितकी लांब तितका ठेका फाटलेला ऐकू आला असता.

जाता जाता पुस्तकातल्या आकृतीविषयी. तिथे ध्वनितरंग वरखाली वळणाऱ्या रेषेने दाखवलेला असतो, आणि त्यावरून हवा वरखाली उसळते असा समज होतो. ती रेषा म्हणजे दाबाचा आलेख आहे. हवेचे कण आवाज ज्या दिशेला जातो त्याच दिशेत मागेपुढे हलतात, आणि तेही अगदी किंचित : साध्या संभाषणात ही हालचाल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते. दाबातला चढउतारही तसाच नाजूक असतो. आपल्यावरच्या हवेचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल. बोलण्याने त्यात होणारा फरक ०.०२ पास्कल. ओरडलात तर हा फरक वाढेल, म्हणजे आयाम वाढेल. वेग किंवा वारंवारिता त्यामुळे वाढणार नाही.

प्रश्न : माझी पट्टी काळी एक आहे. मोबाइलवरील ट्यूनर मध्य षड्जाला कधी १३८ तर कधी २७७ हर्ट्झ दाखवतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, तर अनेकदा पंचमच दाखवतो. तंबोरा बिघडला आहे की अ‍ॅप? (गायनाचे विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : तंबोऱ्याला दोष देऊ नका. खरे तर अ‍ॅपलाही फारसा देता येणार नाही.

आधी आकड्यांचे पाहू. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणाऱ्या थरथरी; काळी एक, पांढरी सहा ही पेटीच्या पट्ट्यांची नावे; षड्ज म्हणजे सा, आणि खर्ज म्हणजे त्याच्या खालच्या सप्तकातला सा. आज जगभर ज्या प्रमाणाने वाद्ये जुळवतात त्यात मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला धरतात. (जुन्या पेट्या या मापाला तंतोतंत जुळतीलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.) त्या हिशेबाने काळी एक १३८.६ हर्ट्झलाही असते आणि २७७.२ हर्ट्झलाही, कारण एक सप्तक वर जाणे म्हणजे वारंवारिता बरोबर दुप्पट होणे. पुरुष गायक काळी एकमध्ये गातो तेव्हा त्याचा मध्य षड्ज १३८.६ ला असतो, आणि तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा त्यालाच जुळवलेल्या असतात. खर्ज त्याच्या निम्म्याला, म्हणजे ६९.३ ला. २७७ हा तुमचा तार षड्ज झाला.

मग अ‍ॅप चुकते का? कारण तार एकाच वारंवारितेने थरथरत नाही. ६९.३ ची खर्जाची तार त्याच वेळी तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा वारंवारितांनीही थरथरत असते. दुप्पट म्हणजे षड्ज, तिप्पट म्हणजे २०७.९ हर्ट्झचा पंचम, चौपट पुन्हा षड्ज, आणि पाचपट, ३४६.५ हर्ट्झ, हा गंधार. गवई मंडळी ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. तो कोणत्याही तारेला जुळवलेला नसतो, तरी तंबोरा उत्तम लागला की खोलीत उभा राहतो. तंबोऱ्यात हे वरचे अंश मूळ वारंवारितेपेक्षा जोरकस असू शकतात, आणि मोबाइलच्या चिमुकल्या मायक्रोफोनला ७० हर्ट्झसारखा खोल स्वर मुळातच नीट पकडता येत नाही. अ‍ॅप सर्वांत ठळक अंश उचलते आणि पंचम दाखवते. आपला कान अधिक हुशार आहे : तो या सर्व अंशांमधले समान अंतर ओळखतो आणि मूळ स्वर खर्जच आहे असे ठरवतो. म्हणून वारंवारिता हे वस्तूचे माप आणि स्वराची उच्चनीचता हा कानाचा निर्णय, असा भेद करणे बरे.

तंबोऱ्यात हे अंश इतके भरघोस का, याचे उत्तर घोडीत आहे. सतारीसारखीच तंबोऱ्याची घोडीही सपाट धारेची नसून किंचित गोलाईची असते, आणि तार तिच्यावर टेकत-सुटत थरथरते; जवारीचा दोरा, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला धागा, मागेपुढे सरकवून आपण ती टेकण्याची जागा नेमकी साधतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवले की, तार जिथे छेडली तिथे ज्या अंशांचा स्थिर बिंदू येतो, ते अंश नेहमीच्या नियमानुसार उमटायला नकोत, तरी तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे श्रेय या गोलाईच्या घोडीला आहे. मिरजेचे कारागीर हे गणित न मांडता पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधत आले आहेत.

कोणता अंश किती जोरकस यावरच एकाच स्वराची पेटी, सारंगी आणि गळा आपल्याला वेगळे ओळखता येतात. यालाच स्वराची जात म्हणतात. तिचे माप एका आकड्यात सांगता येत नाही. सगळ्या अंशांची यादी द्यावी लागते.

एक प्रयोग करून पाहा. काळी एकला सुरेल लागलेल्या तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागला की पेटीवर पांढरी चार धरा, म्हणजे पेटीचा गंधार. प्रमाण पेटीत तो ३४९.२ हर्ट्झला असतो, कारण पेटीने सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात; तंबोऱ्याचा ३४६.५ ला. दोन्ही एकत्र वाजले की आवाज स्थिर न राहता सेकंदाला पावणेतीनच्या सुमारास हेलकावे खातो. हा आकडा म्हणजे दोन वारंवारितांमधली वजाबाकी. पेटीवर नाराज असणाऱ्या बुजुर्गांना हेच हेलकावे टोचत असत. त्यांचा कान मोजमापात खरा उतरतो, असे मला वाटते. फक्त पेटी हद्दपार करण्याचा उपाय जरा कडक होता.

प्रश्न : मे महिन्याच्या कार्यक्रमात माझी बासरी चढते आणि साथीचा तंबोरा उतरतो. उष्णता एकच, मग परिणाम उलटे कसे? (बासरीवादक, सोलापूर)

उत्तर : बासरीत थरथरते ती नळीतली हवा, तंबोऱ्यात तार. बासरीच्या लांबीने तरंगलांबी बांधून टाकलेली असते. आतली हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो, आणि तरंगलांबी तीच राहिल्याने वाढ वारंवारितेच्या वाट्याला येते. (पहिल्या पत्रातल्या विद्यार्थिनीने हे जरूर वाचावे : वाजणारी वस्तू जेव्हा हवाच असते, तेव्हा वेगामुळे वारंवारिता बदलते.) दहा अंशांच्या फरकाने वेग पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. शेजारशेजारच्या दोन सुरांत सहा टक्क्यांच्या आतबाहेर फरक असतो, म्हणजे बासरी सुमारे एक-तृतीयांश सूर चढली. कानाला हे सहज कळते. तंबोऱ्याची तार मात्र उष्णतेने प्रसरण पावते, तिचा ताण ढिला पडतो आणि ती उतरते. वाजवण्यापूर्वी बासरी फुंकून गरम करून घ्यावी आणि तंबोरा त्यानंतर जुळवावा. उलट क्रमाने केल्यास पुन्हा जुळवावा लागेल.

प्रश्न : आमच्या वाड्यासमोर लावलेल्या ध्वनिक्षेपकांचा आवाज मी मोबाइलवर मोजला, तो ७५ डेसिबल भरला. मर्यादा ५५ ची आहे. मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात, ‘फक्त वीसच तर जास्त आहे.’ शिवाय ध्वनिक्षेपकांच्या एका भिंतीचा ८० आणि दुसरीचा ८० असेल, तर मिळून १६० होतात का? (ज्येष्ठ नागरिक, पुणे)

उत्तर : डेसिबलची बेरीज किराणा मालासारखी होत नाही, आणि कार्यकर्त्यांचे ‘फक्त’ तिथेच कोसळते.

कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाचा दाब एका पास्कलच्या दशलक्षांश भागांच्या विसापट, आणि त्यातून चौरस मीटरवर पडणारी शक्ती एका वॉटचा लाख कोटीवा भाग. वेदनेच्या उंबरठ्यावरच्या आवाजात हीच शक्ती चौरस मीटरला वॉटभर किंवा त्याहून जास्त असते. इतका प्रचंड पल्ला साध्या आकड्यांत वागवणे अडचणीचे, म्हणून १९२० च्या दशकात टेलिफोनच्या तारांमधली घट मोजण्यासाठी जी पद्धत रूढ झाली ती येथेही घेतली : शक्ती दहापट झाली की माप १० ने वाढवायचे. त्या जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला शून्य धरले. म्हणून शून्य डेसिबल म्हणजे निःशब्दता नव्हे; त्याच्या खालीही आवाज असू शकतो, तो फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

या हिशेबाने २० डेसिबल जास्त म्हणजे शक्ती १० गुणिले १०, शंभरपट. दाबाचा चढउतार दहापट. आणि कानाला वाटणारा मोठेपणा, जो दर १० डेसिबलला ढोबळमानाने दुप्पट भासतो, चौपट. ८० आणि ८० च्या दोन भिंती मिळून शक्ती दुप्पट होते, माप ८३ होते. याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या : दोन भिंतींपैकी एक बंद करायला लावून तुम्ही घरी परतलात, तरी फक्त ३ डेसिबल कमी झालेले असतील आणि तुम्हाला फारसा फरक जाणवणार नाही. अंतराचा उपयोग अधिक. मोकळ्या जागेत लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल घटतात. पेठेतल्या अरुंद गल्लीत मात्र दोन्हीकडच्या भिंती आवाज कोंडून ठेवतात, त्यामुळे तेवढी घट मिळत नाही.

आता मर्यादेविषयी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. पण ही मर्यादा त्या काळातल्या सरासरी पातळीची आहे, एखाद्या क्षणाच्या आकड्याची नाही. शिवाय ती ‘ए’ मापाची आहे, म्हणजे कानाला जे स्वर कमी ऐकू येतात त्यांना मोजतानाच कमी वजन देणाऱ्या मापाची. १,००० हर्ट्झच्या स्वराला त्यात काहीही सूट नाही, १०० हर्ट्झच्या स्वरातून मात्र सुमारे १९ डेसिबल वजा होतात. छातीत धडधडणारा आणि खिडकीची तावदाने खडखडवणारा खोल आवाज कागदावर सौम्य दिसतो, तो यामुळे. हे माप संभाषणाच्या पातळीवरच्या आवाजांसाठी ठीक आहे. भिंतीसारख्या रचलेल्या ध्वनिक्षेपकांना ते फार उदारपणे वागवते, असे माझे मत आहे. मोबाइलवरचा आकडा तक्रारीला पुरावा म्हणून पुढे करू नका. त्याचा मायक्रोफोन प्रमाणित केलेला नसतो आणि मोठ्या आवाजात तो हमखास दगा देतो. स्वतःपुरता अंदाज घ्यायला तो चालेल.

प्रश्न : मिरवणूक शेजारच्या गल्लीत असते तेव्हा ढोल स्पष्ट ऐकू येतो, ताशा मात्र कोपऱ्यावर आल्याशिवाय ऐकू येत नाही. ढोल जास्त जोरात वाजतो म्हणून का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : जोराचा भाग थोडा, तरंगलांबीचा जास्त. ढोलाच्या ठोक्यातला १०० हर्ट्झचा अंश घेतला, तर त्याची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर होते. गल्लीचे तोंड, घराचा कोपरा, फाटक, सगळे त्याच्याच मापाचे किंवा त्याहून लहान, त्यामुळे हा तरंग त्यांना वळसा घालून सहज पलीकडे पसरतो. ताशाच्या कडकडाटात काही हजार हर्ट्झचे अंश भरपूर असतात. ३,००० हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. एवढ्या आखूड तरंगाला घराचा कोपरा फार मोठा अडथळा ठरतो. तो सरळ पुढे निघून जातो आणि कोपऱ्यामागे आवाजाची सावली पडते. त्यात भिंती आणि बंद खिडक्या बारीक स्वरांना अधिक अडवतात. उजेडाची तरंगलांबी तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून ढोल ऐकू येतो तेव्हा ढोलवाला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. ध्वनीचा वेग मुलांना स्वतः मोजता येईल असा काही उपाय आहे का? (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : एक मोठी भिंत, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ असेल तर येईल. भिंतीसमोर ५० मीटर मोकळे मैदान हवे. मध्ये झाडे नसावीत आणि मागे दुसरी इमारत नसावी, नाहीतर दोन प्रतिध्वनी मिसळतात. भिंतीपासून ५० मीटर मोजून उभे राहा आणि दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटा. टाळीपेक्षा त्यांचा आवाज कडक येतो. प्रतिध्वनी जाऊन-येऊन १०० मीटरचा प्रवास करतो, त्याला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. हा काळ थेट मोजायला जाल तर घड्याळ दाबण्यातच तेवढा वेळ जाईल.

त्याऐवजी एका मुलाला लयीत ठोके द्यायला सांगा आणि लय हळूहळू अशी जुळवा की प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडेल. ठोका, प्रतिध्वनी, ठोका, प्रतिध्वनी असा सारखा ठेका लागतो. भजनात टाळ धरणारी मुले हे काम चटकन करतात. लय पक्की झाली की दुसऱ्या मुलाने एका ठोक्याला ‘शून्य’ म्हणून मोजणी सुरू करावी आणि विसाव्या ठोक्याला थांबावे. (पहिल्या ठोक्याला ‘एक’ म्हटले तर मधली अंतरे वीस नव्हे, एकोणीसच होतात. ही चूक मोठी माणसेही करतात.) वीस अंतरांना साधारण ११.६ सेकंद लागतील. एका अंतराचे निम्मे म्हणजे प्रतिध्वनीचा काळ, आणि १०० मीटरला त्याने भागले की वेग मिळाला.

घड्याळ दाबण्यात एकूण ०.३ सेकंदाची चूक झाली, तर उत्तर सेकंदाला ९ मीटरने इकडेतिकडे होईल. तेवढे चालावे. फळ्या जोरात आणि हळू आपटून दोन्ही वेळा मोजा. त्या चुकीच्या आतबाहेर वेग तोच येईल. थंडीतली सकाळ आणि उन्हाळ्यातली दुपार यांतला फरक मुलांना दाखवायचा असेल, तर १५ अंशांना केवळ ९ मीटरचाच फरक पडतो, म्हणजे जेवढी आपली चूक तेवढाच. त्यासाठी दोन्ही वेळा निदान दहा-दहा मोजण्या घेऊन सरासरी काढावी लागेल, आणि थंडीतली मोजणी सकाळच्या प्रार्थनेआधी उरकावी, कारण ऊन चढले की मैदानावरची हवा लगेच तापू लागते.